पाय सात नंबरचा, गाडी जावयाची

रस्त्याच्या कडेला माणूस हात वर करून उभा दिसला की माझा उजवा पाय आपोआप ब्रेकवर जातो. यात माझा दोष नाही, पायाचा आहे. मी त्याला पुष्कळदा समजावलं की बाबा रे, आपण निवृत्त झालो, साहेबांचं भाषण झालं, गणवेश परत केला, आता थांबवायला आपल्याकडे काही उरलं नाही. पण पाय निवृत्त व्हायला तयार नाही. नोकरीत आल्यापासून सुटेपर्यंत मी सात नंबरची बस चालवली, स्टेशन ते मोठा दवाखाना आणि दवाखाना ते स्टेशन. लोक म्हणतात, सवय हळूहळू सुटते. हे लोक बहुधा कचेरीत खुर्चीवर बसून काम केलेले असतात.

त्या पायाने आमच्या सहलीचं काय केलं ते सांगतो.

सहलीची कल्पना आमच्या हिची. आमच्या स्वयंपाकघरात ओट्याच्या वर एक कॅलेंडर आहे. त्यातले महिने कधीच फाडून झाले, चित्र तेवढं उरलं. समुद्रात घुसलेलं डोंगराचं टोक, टोकावर दीपगृह आणि त्याला अगदी खेटून पाण्यात उतरणारा सूर्य. हिने कुठून कुठून चौकशी करून काढलं की हे टोक आपल्या शहरापासून एका दिवसाच्या वाटेवर आहे, आणि सूर्य असा दीपगृहाला खेटून फक्त थंडीतच उतरतो. उन्हाळ्यात तो डोंगरामागे जाऊन बुडतो, म्हणजे कुणाच्याच उपयोगाचा नाही.

"मला तिथं जायचंय," ही म्हणाली.

"जाऊ की. बस कुठली जाते बघतो."

"बस नको. गाडी. तुम्ही चालवायची, मी शेजारी बसायचं. दोघंच."

"दोघंच कशाला?" मी विचारलं.

हा प्रश्न विचारायचा नसतो. बशीवर कप जरा मोठ्याने ठेवला गेला.

"जन्मभर तुमच्या मागं बसले बसमध्ये. बोलायला तोंड उघडावं तर डोक्यावर ती पाटी."

ती पाटी म्हणजे 'चालू गाडीत चालकाशी बोलू नये'. मी अक्षरं उशिरा शिकलो, चाळिशी उलटल्यावर, तीही हिच्याकडून. अडखळत का होईना पण सबंध वाचलेली पहिली पाटी तीच. त्या दिवशी ती मला इतकी पटली की तशी एखादी जादा मिळाली तर घरी लावावी असं मनात येऊन गेलं. बोललो मात्र नाही. अक्षरं यायच्या आधीपासून मला एवढं कळत होतं.

"आणि वाटेत कुणाला गाडीत घ्यायचं नाही. कबूल?"

"कबूल," मी म्हणालो. मी कबूल केलं. पायाला कुणी विचारलंच नव्हतं.

गाडी जावयाची. नवी कोरी. जावई माणूस सज्जन, पण गाडीपुढे त्याला बायको, मुलं, सासरा सगळे सारखेच परके. मागच्या सीटवरचं प्लास्टिक त्याने अजून काढलेलं नव्हतं. "बाबा," किल्ली देताना तो म्हणाला, "गाडी तुमचीच समजा." आणि मग ती कशी त्याचीच आहे हे समजावण्यात त्याने बराच वेळ घेतला. प्लास्टिक काढायचं नाही, गाडीत खायचं नाही, काच खाली केली तर खारं वारं आत येतं. मी एवढी माणसं एवढी वर्षं इकडून तिकडे नेली, परवान्यावर एक शेरा नाही, आणि हा मला क्लच कुठे असतो ते दाखवत होता. आमची लेक त्याच्या मागे उभी राहून मला हात जोडून दाखवत होती म्हणून मी मान डोलावत राहिलो.

बातमी जिन्यातून खालीवर गेलीच. वरच्या मजल्यावरचे कंपाउंडरकाका आले. ते दवाखान्यातून निवृत्त झाले असले तरी अजून माणसाकडे आधी जिभेपासून बघतात. "समुद्राचं वारं कानातून शिरतं आणि गुडघ्यातून निघतं," त्यांनी सांगितलं. "मध्ये काय करतं ते वैद्यकाला अजून कळलेलं नाही." त्यांनी कापूस दिला, पोटाच्या गोळ्या दिल्या, आणि एक लांब दोरखंडही दिला. दोरखंड कशाला ते सांगितलं नाही. "लागला म्हणजे कळेल," एवढंच म्हणाले. त्यामुळे आदल्या रात्री झोप लागली नाही.

खालच्या शिलाईवाल्या वहिनी एक भलं मोठं गाठोडं घेऊन आल्या. "वाटेतच आहे हो माझ्या बहिणीचं घर. मिठाच्या गोदामाच्या पुढे, निळा दरवाजा. रजई तेवढी द्या. उतरायचंसुद्धा नाही, काचेतून दिली तरी चालेल."

"रजई म्हणजे माणूस नव्हे," मी हिला म्हणालो. हिनेही मान्य केलं. सगळं तिथून सुरू झालं.

सकाळी गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली, गिअर टाकला आणि थांबून राहिलो.

"काय झालं? विसरलात का काही?"

"घंटा," मी म्हणालो.

कंडक्टरची एक घंटा म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. दोन घंटा कानावर पडल्याशिवाय मी जन्मात गाडी हलवलेली नाही. हिने माझ्याकडे पाहिलं, कपाळाला हात लावला, मग बोट वाकवून समोरच्या कप्प्यावर दोनदा टकटक केलं. गाडी निघाली.

गाव मागे पडलं आणि समुद्र आला. डाव्या हाताला कडा, उजव्या हाताला नुसतं पाणी, रंगाने कल्हई गेलेल्या भांड्यासारखं. थंडी अशी की काचेवरची वाफ पुसता पुसता हिचा रुमाल ओला झाला. माणूस नाही की घर नाही. मी खुशीत होतो आणि पाट्या वाचत होतो. उशिरा शिकलेला माणूस एकही पाटी वाया जाऊ देत नाही.

"पुढे... तीव्र वळण... आहे."

"दिसतंय मला."

"दरड कोसळण्याचा... संभव."

"शुभ बोला हो जरा."

"मी कुठे बोलतोय? पाटी बोलतेय."

ती हसली आणि सीटवर जरा माझ्या बाजूला वळून बसली. "बरं, आता ऐका," ती म्हणाली, "मला तुम्हाला एक सांगायचंय, कधीचं—" आणि तेवढ्यात निळा दरवाजा आला.

दारात वहिनींची बहीण उभी होती. शेजारी तिची सासू, बाहेर जायचे कपडे घालून, मांडीएवढं भिंतीवरचं घड्याळ छातीशी धरून. आजीबाईंनी रजईकडे बघितलंसुद्धा नाही. त्यांनी गाडीकडे बघितलं आणि हात वर केला.

गाडी आधीच थांबलेली होती. तरीही माझा पाय ब्रेकवर गेला. सांगायचा मुद्दा हा.

"फाटकापर्यंत सोडतोस ना रे बाळा?" आजी दार उघडून बसल्यासुद्धा. "घड्याळजी आहे तिथं. हे मेलं वाटेल तेव्हा वाजतं." दीपगृहाच्या वाटेवर एक फाटक आहे आणि फाटकाशी चार घरांची वस्ती, हे आम्हाला तेव्हा कळलं. मागच्या सीटचं प्लास्टिक कुरकुरलं. जावयाचं काळीज असावं तसा आवाज आला.

मी हिच्याकडे पाहिलं नाही. हिने दोनदा टकटक केलं, पण जरा जोरात.

आजीबाई बोलक्या होत्या, आणि त्या गप्प झाल्या की घड्याळ वाजत होतं. एकदा त्याने नऊचे ठोके दिले, थोड्याच अंतरावर चारचे. हिचं ते 'कधीचं सांगायचं' तसंच राहिलं.

पुढच्या वळणावर धुक्यातून सोनेरी बटणं चमकली. लाल कोट, डोक्यावर तुरा, आणि गळ्यात हंड्याएवढ्या तोंडाचा पितळी कर्णा. बँडवाला! बँडचा टेम्पो मागचा माणूस विसरून पुढे गेलेला. "फाटकाशी हॉल आहे, काका, लग्नाचा. माझ्यावाचून अडलंय हो त्यांचं." त्याने हात वर केला होता. पाय तर काय, वाटच बघत होता.

आता कर्णा मागे मावेना. आडवा धरला तर आजीच्या घड्याळाला लागत होता, उभा धरला तर छताला. बँडवाल्याने पुढच्या सीटकडे आशेने पाहिलं. मी हिच्याकडे पाहिलं, तेही आशेनेच.

"अगं, जरा पाच मिनिटं..."

ही उतरली, पर्स घेतली, मागे जाऊन बसली आणि दार लावलं. दार फार हळू लावलं. लग्न झालेल्या माणसाला दार आपटल्याची भीती नसते, हळू लावल्याची असते. मी गिअर टाकून थांबलो. मागून टकटक आली नाही. शेवटी कर्णेवाल्यानेच विचारलं, "काका, बंद पडली का?" आणि मी पहिल्यांदाच घंटेशिवाय गाडी हलवली.

इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण मैलभराने एक बाई रस्त्याच्या एका कडेने चालताना दिसली आणि दुसऱ्या कडेने एक बुवा. दोघांनी हात वर केले, पण एकमेकांकडे पाठ करून. नवरा-बायको. स्कूटरचं पेट्रोल संपलेलं, ते कुणी भरायचं होतं यावर बोलणं संपलेलं, आणि पंप फाटकाशी. दोघं मागे बसले. मध्ये आमची ही.

"पुढे सरका, पुढे जागा आहे," मी सवयीने म्हणालो. पुढे कर्णा होता.

"वहिनी, यांना सांगा काच वर करायला," ती बाई हिला म्हणाली.

"वहिनी, त्यांना सांगा, वर आहे तीच टाकी रिकामी, काच कशी भरेल," असं काहीसं तो चिडून म्हणाला. चिडल्यावर माणसाच्या बोलण्याला अर्थ राहत नाही. आमची ही दोघांचे निरोप इकडून तिकडे पोचवत राहिली. मला मात्र तिच्याकडून एकही निरोप आला नाही. आरशात मला फक्त आजींचं घड्याळ दिसत होतं. ते सारखं साडेसहा दाखवत होतं आणि समुद्रावरचा खरा सूर्य भराभर खाली चालला होता.

फाटकाशी पोचलो तेव्हा आजीबाईंनी पदराची गाठ सोडली आणि काही नाणी समोरच्या कप्प्यावर ठेवली.

"अहो आजी, हे काय! उचला ते."

"फुकट बसायची सवय नाही मला," आजी म्हणाल्या. तेवढ्यात काचेवर टिचकी पडली.

फाटकवाला. खाकी कोट, कानाला मफलर, गळ्यात शिट्टी. त्याने नाणी पाहिली, कर्णा पाहिला, मागची दाटी पाहिली. "कोण ही सगळी?"

कुणीही शहाणा माणूस म्हणाला असता, पाहुणे. मी म्हणालो, "प्रवासी."

तोंडाला काय दोष द्यायचा? तेही पायाच्याच सोबत नोकरीला होतं.

"अस्सं. मग परवाना? पाटी वाचता येते का, आजोबा?"

हे मात्र लागलं. आजोबा म्हणाला ते चालेल. पण वाचता येते का? मी खाली उतरलो, पाटीसमोर ताठ उभा राहिलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशी खणखणीत वाचली. "प्रवासी वाहतूक... करणाऱ्या वाहनांस... फाटकापुढे... सक्त मनाई आहे. सूर्यास्तानंतर... फाटक बंद." खाली कोपऱ्यात रंगाऱ्याचं नाव होतं, तेही सोडलं नाही.

"शाबास," फाटकवाला म्हणाला. "आता गाडी वळवा."

समुद्रावर सूर्य बांगडीच्या रुंदीएवढा वर उरला होता. मी म्हणालो, "अहो, मी तसा प्रवासी वाहतूकवाला नाही. म्हणजे होतो. आता नाही. ही जावयाची गाडी. एक शेरा नाही हो माझ्या परवान्यावर!"

माझी ही दशा पाहून मागची मंडळी गलबलली. "तो माझा भाचा आहे," आजी काचेतून ओरडल्या. "सख्ख्या बहिणीचा!"

"मी मेव्हणा," बँडवाला म्हणाला.

"आम्ही पुतण्या आणि पुतणसून," स्कूटरवाला म्हणाला.

"मी नाही," त्याची बायको म्हणाली. "मी या माणसाला ओळखत नाही."

फाटकवाल्याने कानावरचा मफलर वर सरकवला आणि आमच्या हिच्याकडे वळला. "आणि तुम्ही कोण, बाई?"

मला हायसं वाटलं. गाडीतलं एकमेव खरं नातं आता बोलणार होतं.

ही शांतपणे म्हणाली, "मीही ओळखत नाही. मी आपली रस्त्यात बसले. मागच्या सीटवर."

घड्याळाने बाराचे ठोके दिले. बाराही ठोके आम्ही सगळ्यांनी मुकाट्याने ऐकून घेतले. मी तिच्याकडे पाहिलं. ती समोर बघत होती, आणि तिच्या ओठाच्या कोपऱ्यात जे होतं ते हसू होतं की दुसरं काही, ते मला एवढ्या वर्षांच्या संसारानंतरही ठरवता आलं नाही. मला एवढंच कळलं की सूर्य बुडाला तर कॅलेंडर भिंतीवर तसंच राहील, ती रोज त्याच्याखाली चहा करील, आणि याबद्दल मला कधी एक शब्दही बोलणार नाही.

मी पाठ ताठ केली, दोन्ही मागची दारं उघडली आणि नोकरीतल्या आवाजात म्हणालो, "शेवटचा थांबा! गाडी खाली करा!"

या हुकमाला माणसं आपोआप उठतात. आजी घड्याळासकट उतरल्या, नाणी मी त्यांच्या पिशवीत टाकली. बँडवाला कर्ण्यासकट उतरला. पुतण्या एका दाराने, पुतणसून दुसऱ्याने. आणि ही पण उतरली. पर्स सावरून फाटकाच्या पलीकडे चालत गेली.

"आता?" मी फाटकवाल्याला विचारलं. "प्रवासी आहे का कुणी?"

त्याने रिकाम्या गाडीत वाकून पाहिलं, फाटक वर केलं. "सूर्य बुडायच्या आत परत या."

मी एकटाच निघालो. फाटक ओलांडलं. पुढे रस्त्याच्या कडेला शालीत गुंडाळलेली एक बाई उभी होती, वाऱ्याने पार उडून जाईल अशी. तिने हात वर केला.

पाय ब्रेकवर गेला. त्या दिवशी पहिल्यांदाच मी आणि पाय एकमताने वागलो.

मी वाकून पुढचं दार उघडलं. "कुठं जायचंय?"

"शेवटपर्यंत," ती म्हणाली. "पुढे जागा आहे का?"

"आहे."

ती बसली. टकटक. टकटक.

दीपगृह चित्रातल्यासारखंच होतं. सूर्यही बरोबर त्याला खेटूनच होता. चित्रात नसलेला एक विजेचा खांब मात्र नेमका मध्ये आला होता. फोटोवाल्याने खांबावर चढून फोटो काढला असावा. आम्ही गाडीतच बसलो. बाहेर वारं कानातून शिरून गुडघ्यातून निघण्याच्या तयारीत होतं.

"बोल," मी म्हणालो. "इथं पाटी नाही."

तिने शाल सावरली. निम्मा सूर्य खांबाच्या या बाजूला होता, निम्मा त्या.

"लग्न झालं त्या वर्षी दुपारी काम उरकलं की मी सात नंबरमध्ये बसायची. कुठं जायचं नसायचं. स्टेशनापासून दवाखान्यापर्यंत आणि परत. तुमच्या मागच्या बाकावर. तुम्हाला कधी कळलंसुद्धा नाही."

"मागे बघायचं नसतं चालकाने."

"म्हणूनच तर बसायची. तुमच्या मानेवरून कळायचं सगळं. रागावलात की लाल. सिग्नलला गाणं म्हणत असलात की कानाच्या मागे हालायचं. हे सांगायचं होतं सकाळपासून." ती थोडं थांबली. "आज मागं बसवलंत तेव्हा पुन्हा तेच दिसलं. मान म्हातारी झाली हो तुमची."

मी मानेला हात लावला. एवढी वर्षं बरोबर होती ती, पण मी काही तिला पाहिलेलं नव्हतं.

"अजून लाल होते का?"

"फाटकाशी झाली होती. पाटी वाचताना," ती म्हणाली आणि मोठ्याने हसली. सूर्य त्याच वेळी बुडाला. आम्ही दोघांनीही तो शेवटचा तुकडा पाहिला नाही.

परत फाटकाशी आलो तर दिव्याखाली रांग उभी. थांब्यावर असते तशी. घड्याळजी गावाला गेलेला. लग्न उद्याचं निघालेलं. टेम्पो बँडवाल्याला विसरला नव्हता, मुळात गेलाच नव्हता. पंपावर पेट्रोल नव्हतं, पण स्कूटरवाला आणि त्याची बायको एका मफलरमध्ये दोन डोकी घालून उभी होती, म्हणजे तेवढं काम झालं होतं. आणि रांगेच्या शेवटी, फाटक आमच्यासाठी वरच ठेवून, शिट्टी खिशात घालून, फाटकवाला. कामाची वेळ संपली होती आणि त्याचं घर मिठाच्या गोदामाशी.

सगळ्यांनी हात वर केले.

मी दोन्ही हातांनी उजवा पाय धरून ठेवला, म्हणजे तसा प्रयत्न केला. दिलेला शब्द म्हणजे शब्द. गाडी रांगेवरून हळूहळू पुढे सरकली. आजींनी घड्याळ डोक्यावर धरलं होतं, वारं लागू नये म्हणून.

शेजारून टकटक आली. एकदाच.

"थांबवा हो," ही म्हणाली. "थंडी केवढी आहे."

तिने काच खाली केली, खारं वारं आत आलं तरी. फाटकवाल्याकडे बघून विचारलं, "परवाना आहे का तुमच्याकडे?" तो लाजला. "बसा. मागे बसा सगळे. मी काही इथून उठणार नाही."

"पण कर्णा?" बँडवाला म्हणाला.

कर्णा टपावर गेला. कशाने बांधायचा हा प्रश्न आला तेव्हा मला कंपाउंडरकाकांचा दोरखंड आठवला. जावयाला टपावरच्या ओरखड्याबद्दल काय सांगायचं ते अजून ठरलेलं नाही. ही म्हणते, समुद्राचं वारं म्हणून सांगू.

मागे प्लास्टिक कुरकुरलं, घड्याळाने एकच ठोका दिला. मी गिअर टाकला आणि थांबलो.

"सगळे बसले का?" तिने मागे वळून पाहिलं, माझ्या मानेकडेही एकदा पाहिलं, आणि दोनदा टकटक केलं.